गाव बाहेर, चिठ्ठी आत

आधीच सांगतो, मालवणची नेहमीची पोस्ट वाचायला आला असाल तर ही ती नाही. स्कुबा नाही, डॉल्फिन नाही, किल्ला पाहिला तोही जेट्टीवरून, चहाचा ग्लास हातात धरून. मी गेलो होतो एका गावात, आणि त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तसा शब्द देऊन आलोय. कमेंटमध्ये विचारू नका, वाद होईल, आणि वाद घातला की माझं काय होतं ते पुढे कळेलच.

सुरुवात भांडुपच्या पत्र्यापासून. आमच्या सोसायटीच्या चार बिल्डिंगा होत्या, तीन मजली, गळक्या. त्यांच्या मागे नाल्यापर्यंत मोकळी जागा होती. तिला नाव नव्हतं. आम्ही ‘मागचं’ म्हणायचो. “आई, मागे जातो” म्हटलं की पुढचे तीन तास कोणी शोधायचं नाही. ड्रेनेजच्या झाकणावर विटा रचून स्टंप. बॉल नाल्यात गेला की आऊट, आणि काढायचाही ज्याचा त्याने. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी आणि बेडूक, मे महिन्यात बायकांच्या साड्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या. कोपऱ्यात चाकं काढलेला एक टेम्पो. त्याच्या टपावर बसून दीक्षा आमचा स्कोअर मोजायची. दोन वेण्या, हातात खडू, आणि मी आऊट झालो की सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी तीच.

आता तिथे पार्किंगचे मजले होणार आहेत. आम्ही सगळे रीडेव्हलपमेंटच्या भाड्यावर आसपास पांगलोय. त्या मंगळवारी मी पत्र्याच्या फटीतून आत बघितलं तर पिचच्या जागी खड्डा. दोन मजले खोल. तळाला पाणी. मी पत्र्याला लाथ मारली, वॉचमनने शिवी घातली, मी परत घातली, आणि त्याच संध्याकाळी कुडाळचं तिकीट काढलं.

खड्डा भांडुपला आणि तिकीट कुडाळचं का? कारण तो खड्डा ज्यांच्या सहीने झाला असं मी दीड वर्ष धरून चाललो होतो ते विलासकाका, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आता मालवणकडे त्यांच्या गावी राहतात. आणि दीक्षा त्यांची मुलगी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर काकांना म्हणालो होतो, “तुम्ही पोरांचं मैदान विकून खाल्लंत.” काका काही बोलले नाहीत. दीक्षा उठून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दोन महिन्यांनी त्यांनी खोली काढली, टेम्पो भरला, आणि मी जिन्यातून बघत राहिलो. खोक्यांवर मार्करने गावचा पत्ता लिहिला होता. तो मी तिथेच उभा राहून पाठ केला. मदतीला मात्र खाली उतरलो नाही.

मग मी माफी मागायला निघालो होतो की जाब विचारायला? आई पण हेच विचारत होती, डब्यात थेपले भरता भरता. मी म्हणालो, “तिथे गेल्यावर ठरवीन.” खरंच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तिने एकदा तोंड उघडावं. शिवी दिली तरी चालेल.

कुडाळ, मालवण, आणि न ऐकलेलं वाक्य

रात्रीच्या गाडीने स्लीपरला साधारण चारशे लागतात, सकाळी कुडाळ. स्टेशनवरून रिक्षा करू नका, एसटी स्टँडपर्यंत जा, तिथून मालवणची लाल गाडी मिळते. खिडकीची डावी-उजवी बघायची गरज नाही, दोन्हीकडे काजू आणि चिरेखाणी. थंडीचे दिवस होते, शेतं कापलेली, सगळं पिवळं आणि रिकामं. एवढी रिकामी जागा बघून मला राग आला. कोणावर ते कळेना.

मालवणात बाजारातल्या एका खानावळीत बांगड्याची थाळी खाल्ली, अडीचशेत पोट फुटेपर्यंत. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तर वाढणारी बाई म्हणाली, “पिवन घी बाबा, तोंड बघ कसा झाला हा तुझा.” मग स्कूटी भाड्याने घेतली, दिवसाचे पाचशे, लायसन्सची झेरॉक्स ठेवून घेतात. टायर आणि ब्रेक स्वतः बघून घ्या, माझा मागचा ब्रेक नावालाच होता.

स्कूटीवाल्याने विचारलं, “खंय चललंस?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“थंय?” तो हसला. “थंय आता कोण गावाचो नाय तुका. आयक, ता गाव सध्या…”

मी किक मारली. ‘मुंबईला जाऊन राहिलेत सगळे’ वगैरे नेहमीचं रडगाणं असेल असं वाटलं. हा माझा स्वभाव आहे, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत मी थांबत नाही. सिव्हिलचा डिप्लोमाही असाच सुटला. दुसऱ्या वर्षाला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला सरांशी वाजलं, सर म्हणाले “बाहेर हो,” आणि पुढे ते काय म्हणाले ते ऐकायला मी वर्गात नव्हतोच. त्या कॉलेजच्या दोनच गोष्टी राहिल्या, सर्व्हेची एक पट्टी आणि जर्नलच्या कोऱ्या पानांचा गठ्ठा. एका बाजूला रेघा, दुसरी बाजू आकृतीसाठी कोरी. प्रवासाच्या नोंदी मी त्यावरच करतो.

कोळंबचा पूल ओलांडून आचऱ्याच्या रस्त्याला लागलो. खाडी, माड, खाडीत उभी एक होडी, सगळं फोटोसारखं. मोबाईलच्या नकाशाने मुख्य रस्ता सोडून चिरेखाणीतून एक आडवाट दाखवली. सांगून ठेवतो, त्या वाटेने जाऊ नका, कमरेचा काटा ढिला होतो. आणि त्या वाटेने गेलो नसतो तर ही पोस्टही झाली नसती.

दारात कोणी नाही

दुपारी तीनच्या सुमारास गावात शिरलो. पहिल्या घराला कडी. दुसऱ्याला कडी. दुकान बंद, शाळा बंद. गोठ्यात गुरं नाहीत. खरं सांगतो, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कोंबडी नाही. गावात कोंबडी नाही, असं कधी बघितलंय? अंगणं मात्र स्वच्छ सारवलेली, तुळशीत सुकलेलं फूल. मी दोनदा हॉर्न वाजवला आणि मलाच दचकायला झालं.

दीक्षाचं घर सापडलं. ती नेहमी सांगायची, देवळाच्या मागे, दारात रातांब्याची दोन झाडं. दाराला कडी. हाका मारल्या. “दीक्षा! काका!” काही नाही. तहान लागली होती म्हणून विहिरीतून कळशीभर पाणी काढलं, प्यालो, तोंड धुतलं. पायरीवर बसलो.

आणि डोक्यात जे शिरलं ते असं: आईने फोन करून सांगितलं असणार. ओंकार येतोय. आणि हे लोक मला टाळायला निघून गेले. सगळा गाव कुठे गेला याचा विचार मी केलाच नाही. राग आला की माझ्या गणितात एकच घर मावतं.

जर्नलचं एक पान काढलं आणि रेघांच्या बाजूवर लिहिलं: ‘दीक्षा, मी आलो होतो. तुझ्या बाबांना विकायची सवय आहे हे माहीत होतं. पळायचीपण आहे, हे आज कळलं. आता मी परत येणार नाही. ओंकार.’ घडी घातली, कडीत अडकवली आणि निघालो.

यावेळी गावाच्या दुसऱ्या, मुख्य रस्त्याकडच्या टोकाने बाहेर पडलो. उतारावर एक व्हाळ लागला, म्हणजे ओढा, घोट्याएवढ्या पाण्याचा. तो ओलांडून वर आलो आणि ब्रेक दाबला, तो लागला नाही, तरी थांबलो.

समोर अख्खं गाव होतं.

कापलेल्या शेतांत माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या, ओळीने. मध्ये चुली. गुरं बांधलेली. डालग्यांखाली कोंबड्या. कुत्री. म्हातारे खाटांवर, पोरं उधळलेली. बायका भाकऱ्या थापत होत्या. सगळ्यांनी एकदम मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“तू खंयसून इलंस रे?” एकाने विचारलं.

मी मागे बोट दाखवलं. “गावातून.”

“आतसून?”

“हो. कोणीच नव्हतं आत.”

“अरे मेल्या, कोण असतलो आत! तुका कोणी सांगूक नाय?”

तेव्हा मला कळलं. तुम्हाला सरळ सांगतो. या भागातल्या दोन-चार गावांत काही वर्षांनी एकदा गावपळण असते. देवाचा कौल घ्यायचा, आणि कौल मिळाला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन सगळ्यांनी तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहायचं. त्या काळात गाव देवाचं. आत कोणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल मागतात. दिला तर परत यायचं. नाही दिला तर बाहेरच, अजून एक दिवस, किंवा देव म्हणेल तितके. आज दुसरा दिवस होता. आणि मी आत जाऊन, हॉर्न वाजवून, विहिरीचं पाणी पिऊन आलो होतो.

“बावीचा पाणी काढल्यान!” ही बातमी माझ्या आधी शेताच्या टोकाला पोचली. चाळीस-पन्नास माणसं जमली. कोणाचा, कुठला, कोणाच्या घरी गेला होतास. मी दीक्षाच्या घराचं वर्णन केलं तशी गर्दी मागे वळली. मागे विलासकाका उभे होते. लुंगी, बनियन, हातात कोयता. झावळ्या तोडत होते. मुंबईत मी त्यांना कधी इस्त्रीच्या शर्टाशिवाय बघितलं नव्हतं.

“ह्यो तुझो रे विलास?”

काकांनी कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, “माझो पावणो आसा. जां काय सांगूचां आसा तां माका सांगा.”

त्यांच्या पाठीमागे, चुलीपाशी, दीक्षा. हातात पिठाची परात. मला बघून तिने परात खाली ठेवली. वळून झोपडीत गेली.

गावातले सगळ्यांत वडीलधारे दाजी, मानकऱ्यांतले एक, त्यांना बोलावलं गेलं. कंबरेत वाकलेले, डोळे तिखट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता कौल होयसर ह्यो हंयच रवतलो. गावात पाय घातल्यान ना? मग आता गावाबरोबरच आत.” आणि मग देवळाच्या दिशेने तोंड करून, सगळे हात जोडून उभे असताना, त्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. माझ्यासाठी! मी आयुष्यात इतका लाजलो नव्हतो.

“बा देवा म्हाराजा, ह्यो मुंबयसून इलेलो झील. ह्येका ठावक नाय. अजाणतेपणान सीम वलांडल्यान, बावीचा पाणी काढल्यान. लेकराची चूक पोटात घाल, आणि परवा गावाक सुखरूप घरात घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शंभर गळ्यांतून एकदम.

कोणी तरी मागून म्हणालं, “कौल नाय मिळालो तर ह्येकाच गोळो करून देवाक घालूचो.” सगळे हसले. एक बाई हसली नाही. तिच्या झोपडीत बाळंतीण होती, तिसरी रात्र बाहेर काढणं आधीच जड जात होतं. माझ्यामुळे चौथी काढावी लागली तर? आणि बोल कोणाला लागणार होता? विलासकाकांना. ज्यांचा मी पाहुणा.

तेवढ्यात आठवलं. चिठ्ठी. चिठ्ठी आत होती, कडीत अडकवलेली. आणि आता आत कोणीच जाऊ शकत नव्हतं.

शेतातला दिवस

राहायची सोय म्हणाल तर गावपळणीचं हॉटेल नसतं. काकांनी गवताच्या पेंढ्यांवर गोधडी टाकून दिली. जेवायला भाकरी, सुक्या गोलम्याची, म्हणजे जवळ्याची, चटणी, कुळथाची पिठी. फुकट, आणि मालवणच्या थाळीपेक्षा चांगलं. जरा बऱ्या परिस्थितीतले काहीजण मिठबावला वगैरे नातेवाइकांकडे गेले होते, पण बहुतेक सगळे इथेच.

सकाळी जाग आली ती आरडाओरड्याने. पोरं क्रिकेट खेळत होती. नाला नाही, काचा नाहीत, गॅलरीतून ओरडणाऱ्या मावश्या नाहीत. बॉल मारला की तो थांबेपर्यंत जातो. दुसरीकडे बायकांच्या फुगड्या, तिसरीकडे म्हाताऱ्यांचे पत्ते. कोणालाच काही काम नाही. गावपळणीत घरच नाही तर घरकाम कुठून येणार? इतकी वर्षं मी जे ‘मागचं, मागचं’ करत बसलो होतो ते अख्खंच्या अख्खं माझ्यासमोर पसरलं होतं, दहा पट मोठं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे यांना काही वर्षांनी तीन दिवस मिळतं आणि मग ते स्वतःच्या पायांनी परत जातात. आम्हाला रोज मिळत होतं. मग नशीबवान कोण? मला अजून कळलेलं नाही.

मी बॅट मागितली. पोरांनी दोन ओव्हरवर सौदा केला. तेवढ्यात बॉल हातात घेऊन दीक्षा आली.

तिच्याशी बोलायचं पहिलं वाक्य मी दीड वर्ष घोकत होतो. आणि तोंडातून निघालं काय? “तू बांधाकडे उभी राहा, फिल्डिंगला.”

ती जागच्या जागी थांबली. मग हसली, पण चांगलं नाही.

“तिथेपण हेच म्हणायचास.”

“कुठे?”

“मागे. ‘तू नाल्याकडे उभी राहा.’ आठ वर्षं मी नाल्याकडे उभी होते, ओंकार. बॅटिंग कधी आली? बॉल नाल्यात गेला की मीच जवळ असायचे, म्हणून काढायचा पण मीच.”

“काहीतरी बोलू नकोस. ज्याचा त्याने काढायचा असा नियम होता. आणि तू टेम्पोवर बसून स्कोअर मोजायचीस. मला दिसतंय अजून, दोन वेण्या, खडू…”

“ती रेश्मा. सी विंगची.”

“काय?”

“टेम्पोवर रेश्मा बसायची. तो टेम्पो गंजका होता, आई मला चढू द्यायची नाही. आणि माझे केस सातवीपर्यंत बॉयकट होते.”

मागून एक पोर ओरडलं, “ओ मुंबयकार, खेळतास की लगीन जुळवतास?” दीक्षाने त्याच्याकडे न बघता बॉल टाकला. माझा ऑफ स्टंप उडाला. स्टंप म्हणजे एरंडाची काठी.

बांधावर बसलो आम्ही. मला वाटलं होतं ती रडेल नाहीतर मी. दोघंही नाही.

“मैदान तुमचं होतं,” ती म्हणाली. “आमची भिंतीकडची पट्टी होती. तिथे आम्ही लगोरी खेळायचो आणि तुमचा बॉल आला की मार खायचो. तरी मला ती जागा गेल्याचं वाईट वाटलं. पण तू मीटिंगमध्ये ओरडलास ना, तेव्हा मला वाटलं, हा कुठल्या जागेबद्दल बोलतोय? मी तिथे होते का?”

“पण सही तर काकांची…”

“बेचाळीस सह्या होत्या. बाबांची पहिली, कारण ते सेक्रेटरी. तुझ्या आईची तिसरी.”

मी हसलो. मग थांबलो.

“आईने सांगितलं असतं मला.”

“तिनेच बाबांना सांगितलं होतं, ओंकारला कळू देऊ नका, तो घर डोक्यावर घेईल. म्हणून बाबा मीटिंगमध्ये गप्प बसले. घरी येऊनही गप्पच होते. दोन दिवस जेवले नाहीत नीट.” ती उठली, कपड्यांना लागलेली माती झटकली. “मी तुझ्याशी बोलत नव्हते ते त्याच्यासाठी. मैदानासाठी नाही.”

मी तिला चिठ्ठीबद्दल तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती बोलत होती ना! दीड वर्षानंतर माझ्याशी बोलत होती, आणि मी सांगितलं असतं तर बंद झाली असती. दिवसभर मी त्यांच्याबरोबर लाकडं आणली, गुरांना पाण्यावर नेलं, काकांनी मला झापं विणायला शिकवली. झापं म्हणजे माडाच्या पात्यांची विणलेली चटई, झोपडीला लावायची. माझी दोन झापं वाकडी झाली, काकांनी गुपचूप उसवून परत विणली. एकदाही मीटिंगचा विषय नाही. ‘डिप्लोमाचं काय केलंस’ एवढं विचारलं, आणि मी ‘सुटला’ म्हटल्यावर, “सुटता ता परत धरूक येता” असं काहीसं म्हणून पुढची पात उचलली. प्रत्येक पातीला मला त्या कागदाची घडी दिसत होती.

कौल

चौथ्या दिवशी उजाडताच मानकरी आत गेले. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली की होकार. मग ढोल वाजतो. बाहेर आम्ही सगळे व्हाळाच्या काठाला उभे, गाठोडी बांधून, ढोलाकडे कान लावून.

एक तास गेला. दीड. ऊन चढलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. ती बाळंतीण दगडावर बसली होती, पोर छातीशी. “बावीचा पाणी…” असं कोणीतरी हळूच म्हणालं.

आणि मी, खरं सांगायचं तर, मनात काय मागत होतो? कौल मिळू नये. अजून एक दिवस. चिठ्ठी कडीत राहू दे, दीक्षा बोलत राहू दे. त्या बाईकडे बघून हे मागत होतो. असा मी.

मग मला माझीच शिसारी आली. मी दीक्षाजवळ गेलो. “तुमच्या दाराला चिठ्ठी आहे माझी.”

“कसली?”

सांगितली. शब्द न् शब्द. पाठच होती.

तिचा चेहरा उतरला. “मूर्खा,” ती म्हणाली. “दार बाबा उघडतात.”

तेवढ्यात ढोल वाजला. एकच कल्लोळ, “व्हय म्हाराजा!” बाळंतिणीची सासू रडायलाच लागली. मला वाटलं, धावत सुटावं, सगळ्यांच्या आधी पोचावं. पण तसं चालत नाही. पुढे मानकरी, मागे गुरं, मागे सगळा गाव, सगळ्यांनी एका चालीने. मी स्कूटी ढकलत काकांच्या मागून चाललो. दहा मिनिटांची वाट. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब प्रवास तो, मुंबई-कुडाळ धरून.

काकांनी गाठोडं पायरीवर ठेवलं. कडीतला कागद काढला. “ह्या काय?”

दीक्षाने हात पुढे केला. “बाबा, इकडे द्या.”

मी म्हणालो, “काका, माझी आहे ती. वाईट लिहिलंय. वाचायची तर माझ्यासमोर वाचा.”

त्यांनी गाठोड्यातून चष्मा शोधला. तो मिळेना. मिळाला. त्यांनी वाचलं. तीन ओळी वाचायला इतका वेळ लागतो? मग कागदाची पुन्हा तशीच घडी घातली आणि दीक्षाकडे दिला. “तुझी आसा.” आणि मला म्हणाले, मुंबईत बावीस वर्षांत ते माझ्याशी ज्या भाषेत कधी बोलले नव्हते त्या भाषेत, “पळालो न्हय रे झिला. परत इलंव नाय?” मग, “पाय धू. च्याय पिवन जा.”

मी पाय धुतले. त्याच विहिरीच्या पाण्याने. काकांच्या पायांना हात लावला, ते ‘असो असो’ म्हणत मागे सरले. ‘चुकलो’ हा शब्द तेव्हाही नीट निघाला नाही, चहाच्या घोटाबरोबर अर्धा आत गेला.

निघताना दीक्षाला विचारलं, “मग?”

“मग काय? गुरं बांधायची आहेत.”

घरी

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. स्कूटीवाल्याने तीन दिवसांचे पैसे घेतले आणि म्हणाला, “मी सांगत होतंय तर आयकूक नाय.” बाजारातून आईला खाजा घेतला. खाजा घ्यायचा तर आल्याचा घ्या.

आईला विचारलं, “सही केली होतीस?” ती खाज्याची पुडी सोडत होती. “केली. तिसरी. पावसाळ्यात तुझ्या अंथरुणावर गळायचं, मी टोप ठेवायचे, आठवतं?” टोप आठवला. त्यात टपटप पडणारा आवाजही. ते सगळं मैदानाच्याच दिवसांतलं, पण मी दोन्ही कधी एकत्र ठेवलं नव्हतं.

चार दिवसांनी दीक्षाचा मेसेज आला. शब्द नाहीत, फक्त फोटो. माझ्याच जर्नलचं पान, चिठ्ठीची मागची, कोरी बाजू. त्यावर पेन्सिलने तिने ‘मागचं’ काढलं होतं. चार बिल्डिंगा, नाला, भिंतीकडची पट्टी, लगोरीचे सात दगड, मिरच्यांच्या साड्या कुठे पसरायच्या ते, पाणी कुठे साठायचं ते. टेम्पोवर बाण, ‘रेश्मा’. मधोमध एक लहानसा चौकोन, ‘तुमचं क्रिकेट’. नाल्याजवळ एक ठिपका, ‘मी’. खाली एक ओळ: ‘आता तू काढ. मग पुढचं बोलू.’

हे माझ्या त्या ‘मग?’ला ‘हो’ आहे का? मित्रांना विचारलं, दोन म्हणतात हो, एक म्हणतो गंडलास. मला कळत नाही.

पण काढायला बसलोय. सर्व्हेची ती पट्टी शोधून काढली, पान घेतलं, कोरी बाजू वर केली. पिच जमलं. स्टंपांचं झाकण जमलं. सिक्सची लाईन, माझं बॅट टेकवून उभं राहणं, सगळं मापात. तिचा ठिपका नाल्याजवळ ठेवता येईल, तिच्या कागदावरून बघून. पण ते चालणार नाही, ते तिचं आठवणं झालं. डोळे मिटून बघतोय. आठ वर्षं ती तिथे रोज होती. बॉल घेऊन येणारा एक ओला हात दिसतो, कोपरापर्यंत चिखल. तोंड दिसत नाही.

तो हात काढलाय. बाकीचं पान अजून रिकामं आहे.